चार मिळवणारा माणूस

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा तिच्यात इन्स्पेक्टर होते आणि त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती. हे इन्स्पेक्टर पोलिसांतले नव्हेत. ते शाळा तपासत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण तपासायची सवय सुटली नव्हती. शाळा उरल्या नाहीत म्हणून ते आता जिने, पाण्याच्या टाक्या आणि शेजाऱ्यांच्या कुंड्या तपासत. लिफ्ट अडकल्यावर ते घाबरले नाहीत. सोसायटीच्या नव्या फोन-पुस्तिकेची कच्ची प्रत आदल्याच दिवशी नोटीस बोर्डावर लागली होती आणि तिचा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता. त्यात 'लिफ्ट मेकॅनिक'समोरचा नंबर त्यांनी लावला आणि शाळेत शिरताना वापरायच्या आवाजात म्हणाले, "मी अडकलोय. ताबडतोब या."

पलीकडे एक शिंपी होता. त्याने शांतपणे मंगळवारी माप द्यायला यायला सांगितलं.

इन्स्पेक्टर पन्नास मिनिटं आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, समाधान होतं. बारा वर्षांनी त्यांना एक खरीखुरी चूक सापडली होती, आणि ती आकडेकाकांची होती.

आकडेकाका हे त्यांचं नाव नव्हे, पण इमारतीत दुसऱ्या नावाने त्यांना कोणी ओळखतही नव्हतं. चाळीस वर्षं ते एका छापखान्यात आकडे तपासत होते. गाड्यांची वेळापत्रकं, लॉगची कोष्टकं, भरती-ओहोटीच्या वेळा, म्हणजे ज्या पुस्तकांत गोष्ट नसते अशी सगळी पुस्तकं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक आकडा चुकीचा गेला नाही, असं ते म्हणत. निदान कोणी तसं सांगायला आलं नव्हतं. बाकी काकांना गाता येत नसे, भाषण करता येत नसे, भाजीसुद्धा धड निवडता येत नसे. इमारतीत त्यांना जो काही मान होता तो एवढ्या एका गोष्टीवर उभा होता. म्हणूनच सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा चौऱ्याऐंशी बिऱ्हाडांच्या फोन नंबरांची पुस्तिका करायचं काम समितीने काकांना दिलं होतं. पहिल्या पानावर त्यांचं नाव छापायचं ठरलं होतं. काकांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यांच्या मते.

त्याच संध्याकाळी पंपाच्या खोलीशेजारच्या ऑफिसात समिती बसली.

"काका, होते माणसाकडून चूक," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. बाई तशा समजूतदार होत्या, पण दिवसभर नोकरी करून आलेल्या होत्या.

"माणसाकडून होते. मी तपासलं तेव्हा नंबर बरोबर होता," काका म्हणाले.

"मग मी आत बसून बदलला?" इन्स्पेक्टर म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. खरं म्हणजे इन्स्पेक्टर नुसता टोमणा मारत होते, पण काकांना तो कबुलीच्या फार जवळ जाणारा वाटला.

शेवटी असं ठरलं, की तीन आठवड्यांत काकांनी निर्दोष प्रत द्यावी. नाहीतर पुस्तिका इन्स्पेक्टर करतील. हे दुसरं वाक्य इन्स्पेक्टरांनी स्वतःच सुचवलं आणि स्वतःच अनुमोदन दिलं.

घरी येऊन काकांनी बिऱ्हाडकरूंनी भरून दिलेले कागद काढले आणि एकेक नंबर कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. लिफ्टवाल्याखेरीज आणखी चार चुकले होते. काका खुर्चीत मागे टेकले. 'मी तपासलं तेव्हा बरोबर होता' या वाक्यातून दोनच रस्ते निघतात. एक, आपण म्हातारे झालो. दोन, कोणीतरी हात मारतंय. पहिल्या रस्त्याकडे काकांनी क्षणभर पाहिलं. तो अरुंद होता आणि तिथे उजेडही बेताचाच होता. ते दुसऱ्या रस्त्याला लागले.

आता संशय घ्यायचा तर माणसं लागतात. काकांकडे तीन होती.

पहिली काकू. त्या कॉम्प्युटरवरची धूळ रोज फडक्याने पुसत. आणि त्यांच्याकडे कारणही होतं. छापखान्यात आकडे तपासायला दोघं बसत, एक मूळ कागद मोठ्याने वाचणारा आणि दुसरा छापलेलं बघणारा. पुस्तिकेचं काम आलं तेव्हा काकू आपण होऊन म्हणाल्या होत्या, "मी वाचते, तुम्ही बघा." काका म्हणाले होते, "नको. तू मध्येच गॅस बघायला उठशील आणि एक ओळ गाळशील." काकू त्यावर काही बोलल्या नव्हत्या. काही न बोलणं हे काकांच्या मते नेहमीच संशयास्पद असतं.

दुसरे इन्स्पेक्टर. पुस्तिका 'नुसती बघायला' म्हणून ते दोनदा घरी येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा स्वतःचा चष्मा बरोबर घेऊन आले होते.

तिसरा मेहुणा. काकूंचा एकुलता एक भाऊ. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होता आणि दर रविवारी सकाळी आठला बहिणीकडे यायचा. "नवीन कशाला घेताय भाऊजी, मी जुळवून देतो," असं म्हणून त्यानेच हा कॉम्प्युटर तीन वेगवेगळ्या मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरांतून एक करून दिला होता. तेव्हापासून दर रविवारी चहाचा कप घेऊन तो त्याच्यासमोर बसे आणि "जरा अपडेट मारतो" असं म्हणे. काय मारतो हे काकांना कधीच कळलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस सल्ल्यांत गेले. बातमी जिन्यावरून खाली-वर झाली होती. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, यंत्र थोडं उन्हात ठेवा. समोरच्या दारातल्या होमिओपॅथ डॉक्टरांनी कॉम्प्युटरच्या कुशीवर हात ठेवून पाहिला, प्रकृती उष्ण आहे म्हणाले आणि रात्री त्याचं तोंड भिंतीकडे करू नका असं सांगून गेले. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता कोण नजर चुकवतं ते पाहिलं. आजी नजर चुकवत होत्या, पण त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं.

मग सापळे. पाचही चुका दुरुस्त करून काकांनी फाइल सेव्ह केली, खात्रीसाठी पुन्हा उघडली, पुन्हा नजर फिरवली, खात्रीसाठी पुन्हा सेव्ह केली, आणि की-बोर्डवर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला. जो हात लावेल त्याच्या बोटांना पावडर लागेल. सकाळी काकू शिंकत बाहेर आल्या. काकांनी त्यांची बोटं पाहिली. पांढरी होती.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"तेच मी विचारणार होते. पावडरचा डबा सांडलाय तुमचा. पुसून घेतली."

"म्हणजे तू हात लावलास."

"अहो, फडक्याने पुसताना हात लागतोच. हात काढून ठेवून कशी पुसू?"

त्या दिवसापासून सातची कळ दाबली की आत जाऊन बसायला लागली. सातदा सात उमटेपर्यंत ती वर येत नसे.

दुसरा सापळा केसाचा. कॉम्प्युटर झाकायच्या कापडाला एक केस चिकटवून ठेवायचा. तुटला तर समजायचं कोणीतरी कापड काढलं. काकांच्या डोक्यावर या कामाला पुरेल असा केस नव्हता, म्हणून तो काकूंच्या कंगव्यातून घ्यावा लागला. पुढे केस सापडला, तुटलेला सापडला, पण तो पुरावा म्हणून कोणाविरुद्ध वापरायचा हे ठरेना.

शेवटी काकांनी खोलीलाच कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या बनियनच्या आत, दोऱ्याला. तीन दिवस कोणी आत गेलं नाही, स्वतः काकासुद्धा नाही. चौथ्या दिवशी त्यांनी फाइल उघडली. सगळे नंबर जागच्या जागी. एकही हललेला नव्हता.

काकांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. खोलीला कुलूप असेल तर चूक नाही, म्हणजे चूक बाहेरून येते. त्यांनी यादी छापून एक प्रत खाली नोटीस बोर्डावर आणि एक फोनजवळच्या भिंतीवर टाचणीने लावली. मग फाइल पुन्हा उघडली, डोळे भरून पाहिली, सेव्ह केली. दुपारी आणखी एकदा उघडली, सेव्ह केली. संध्याकाळी इन्स्पेक्टर जिन्यात भेटले आणि "काय, उत्तर किती आलं?" असं विचारून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो होमिओपॅथ डॉक्टरांचा नंबर बदललेला.

आता काकांनी आपलं शेवटचं शस्त्र बाहेर काढलं. छापखान्यात ते त्याला पडताळा म्हणत. कोष्टकातल्या प्रत्येक आडव्या ओळीतल्या आकड्यांची बेरीज उजवीकडे समासात पेन्सिलीने लिहायची. प्रत्येक उभ्या रांगेची बेरीज तळाला लिहायची. एखादा आकडा बदलला की एक आडवी बेरीज चुकते आणि एक उभी बेरीज चुकते. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे गुन्हेगार बसलेला असतो. नुसतं चूक आहे एवढंच कळत नाही, कुठे आहे आणि किती आहे तेही कळतं. मूळ कागद बघायचीसुद्धा गरज पडत नाही. काकांनी मूळ कागदांवरून चौऱ्याऐंशी बिऱ्हाडांचा पडताळा एका लांब कागदावर उतरवला आणि रोज फाइलवर चालवू लागले.

चार दिवसांत तीन आकडे पकडले. दोनाचा सहा झाला होता. पाचाचा नऊ. तिनाचा सात. काकांनी पहिल्या पाच चुकाही काढून पाहिल्या. लिफ्टवाल्याच्या नंबरात चाराचा आठ होता.

प्रत्येक वेळी चार. कमी नाही, जास्त नाही. कोणीतरी येत होतं, एका नंबरातल्या एका आकड्यात चार मिळवत होतं आणि निघून जात होतं.

आणि एकदा चार म्हटल्यावर काकांना चाराशिवाय काही दिसेना. इन्स्पेक्टर चौथ्या मजल्यावर राहत होते. मेहुणा भावंडांत चौथा होता, म्हणजे एकुलता एक भाऊ खरा, पण आधी तीन बहिणी. काकूंचा वाढदिवस चार तारखेचा. घड्याळात चार वाजले की काका दचकत. एका वहीत त्यांनी तिघांची नावं लिहून समोर चार-चार पुरावे लिहिले. इन्स्पेक्टरांसमोर पाच झाले, तेव्हा एक खोडला.

रविवारी आठला मेहुणा आला. चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायला गेला तर दाराला कुलूप.

"भाऊजी, किल्ली?"

"किल्ली कशाला हवी?"

"जरा अपडेट मारतो."

"बैस," काका म्हणाले. "चाराबद्दल तुझं काय मत आहे?"

"चारजण येणार आहेत का कोणी?"

"आकडा. चार."

मेहुणा गोंधळला. काकांच्या वहीत याची नोंद 'चेहरा पडला' अशी झाली. मग त्यांनी सगळं सांगितलं. शिंपी, पावडर, कुलूप, पडताळा. आणि शेवटी, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला सांगायचे त्या सुरात, "कबूल कर, विषय इथेच संपवतो."

मेहुण्याने कप खाली ठेवला. तो मोठ्याने बोलणारा माणूस होता. त्यामुळे हळू बोलला तेव्हा स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या.

"लोकांच्या नंबरात चार मिळवून मला काय मिळणार, भाऊजी?"

"ते तूच सांग."

"वीस वर्षं येतोय मी या घरी."

"तेच तर. माहितगार माणसाचंच काम आहे हे."

मेहुणा उठला. "ताई, येतो मी," एवढंच म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला. पुढच्या रविवारी आठ वाजले, साडेआठ वाजले, नऊ वाजले. बेल वाजली नाही. काकूंनी दोन वेळा दार उघडून जिन्यात पाहिलं. मग तीन कप बाहेर काढले होते त्यातला एक पुसून फळीवर ठेवला.

त्या आठवड्यात काकू कामापुरतंच बोलत होत्या. 'जेवण झालंय', 'पाणी गेलंय', 'बेल वाजतेय'. काकांना अशी वाक्यं नवीन नव्हती, पण त्यांच्यामध्ये असायची ती दुसरी, कामाची नसलेली वाक्यं अचानक नाहीशी झाल्यावर त्यांना घर फार मोठं वाटायला लागलं. त्यांनी वही उघडली, काकूंचं नाव खोडलं. थोडा वेळ बसून मेहुण्याच्या नावाकडे पाहिलं. ते खोडायचं धैर्य होईना, कारण ते खोडलं तर त्या रविवारचं काय करायचं हा प्रश्न येत होता.

मग उरले इन्स्पेक्टर. मुदत संपायला दोन दिवस असताना काकांनी समितीपुढे आपला लांब कागद पसरला आणि चाराचा सगळा इतिहास सांगितला.

"म्हणजे मी चौथ्या मजल्यावर राहतो, म्हणून मी तुमच्या बंद खोलीत शिरतो आणि चार मिळवतो?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"मी नाव घेतलेलं नाही."

"आणि स्वतःच लिफ्टमध्ये अडकून घेतो? पन्नास मिनिटं? दूध घेऊन?"

"संशय येऊ नये म्हणून माणूस काय वाटेल ते करतो," काका म्हणाले. बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते वाक्य कसंनुसं वाटलं, पण आता ते परत घेता येत नव्हतं.

सेक्रेटरीबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, आमच्या ऑफिसात एक मुलगी मशीन दुरुस्त करायला येते. उद्या पाठवते. ती काय म्हणेल ते दोघांनी ऐकायचं."

दुरुस्तीवाली दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आली. तिशीची असेल. खांद्याला पिशवी, बोलणं मोजकं. काकांनी तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. हकीकत पावडरपर्यंत आल्यावर ती म्हणाली, "काका, चार म्हणालात ना? नेहमी चार?"

"नेहमी."

"कुठले आकडे बदलतात?"

असा प्रश्न काकांना आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी कागद पाहिला. "दोन, तीन, चार, पाच. एवढेच."

"सहा, सात, आठ, नऊ?"

"त्यांना काही होत नाही. शून्य आणि एकालाही नाही."

"आणि आकडे तुम्ही मराठी टाइप करता."

"आयुष्यभर दुसरे केले नाहीत."

ती पहिल्यांदाच हसली. मग पिशवीतून काहीतरी काढून तिने कॉम्प्युटरला लावलं आणि पडद्यावर एक तपासणी सुरू केली. तासभर काळ्या पडद्यावर आकडे सरकत राहिले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. इन्स्पेक्टरही 'सहज' वर आले होते आणि चष्मा घालून उभे होते. तेवढ्यात पडद्यावर एक लाल ओळ उमटली. थोड्या वेळाने तीच ओळ पुन्हा.

"सापडला," ती म्हणाली.

"कोण?" काकांनी आणि इन्स्पेक्टरांनी एकदमच विचारलं.

तिने कॉम्प्युटरचं झाकण उघडून बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी बाहेर काढली. "ही मेमरी. फाइल उघडलीत की ती इथे येऊन बसते, काम संपेपर्यंत. यात कोट्यवधी दिवे आहेत असं समजा. प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा म्हणजे थोडे दिवे लागलेले, थोडे विझलेले. त्यातला एक बिघडलाय. तो विझतच नाही. कायम लागलेला. आणि त्या दिव्याची किंमत आहे चार."

काका पट्टीकडे पाहत राहिले.

"दोन, तीन, चार, पाच यांच्यात तो दिवा विझलेला असायला हवा. यांतला कुठलाही आकडा त्या जागी येऊन बसला की दिवा लागतो आणि चार वाढतात. बाकीच्या आकड्यांत तो मुळातच लागलेला असतो, म्हणून त्यांना धक्का लागत नाही. मशीनची मोजायची पद्धत आहे ती, आपल्यासारखी नाही. नावांतलीही अक्षरं बदलली असतील, बघितलीत का?"

"छापखान्यात नावं बघणारा माणूस वेगळा असायचा," काका म्हणाले.

"पण मग कुलूप लावलं तेव्हा का नाही बदलले?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. चूक कोणाची हे अजून पुरतं ठरलेलं नव्हतं आणि ते ठरल्याशिवाय ते हलणार नव्हते.

"तेव्हा फाइल कोणी उघडलीच नाही ना. नुसती पडून राहिली तर तिला काही होत नाही. उघडली की ती मेमरीत येते, कधी त्या बिघडलेल्या दिव्यावर, कधी दुसरीकडे. दिव्यावर आली की आकडा बदलतो. आणि मग सेव्ह केली की चुकीचा आकडा कायमचा लिहिला जातो." ती काकांकडे वळली. "तुम्ही किती वेळा सेव्ह करत होता?"

काकांनी मनात मोजलं. दिवसातून सात-आठ वेळा. फक्त खात्रीसाठी. चार मिळवणारा माणूस बंद खोलीत शिरत होता हे खरंच होतं. किल्ली त्याच्या बनियनच्या आत होती.

"ही पट्टी जुनी होती?" काकांनी शेवटी विचारलं. आवाजात आशेचा एक बारीक धागा होता. "कोणीतरी जुन्या कॉम्प्युटरातून काढून बसवलेली?"

दारातून काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"नवीनही बिघडतात," दुरुस्तीवाली म्हणाली. धागा तुटला. "खरं म्हणजे मोठ्या मशीनमध्ये वेगळी मेमरी असते. तिच्यात प्रत्येक ओळीमागे काही दिवे जास्तीचे ठेवतात, नुसते साक्षीला. एक दिवा चुकला की साक्षीवरून कुठला चुकला ते कळतं आणि मशीन स्वतःच तो नीट करतं. घरच्या मशीनमध्ये बहुतेक ते नसतं. ती विश्वासावर चालतात."

"समासातली बेरीज," काका म्हणाले.

तिने त्यांचा लांब कागद उचलून पाहिला. आडव्या बेरजा, उभ्या बेरजा. बराच वेळ पाहिला. "तीच," ती म्हणाली. "कल्पना हीच. तुम्ही मशीनचं काम पेन्सिलीने करत होता."

चाळीस वर्षांत काकांना एवढं मोठं प्रशस्तिपत्र कोणी दिलं नव्हतं. पण ते घ्यायला त्यांचे हात रिकामे नव्हते. "आणि दोन दिवे एकदम चुकले तर?" त्यांनी विचारलं.

"मग मशीनला नुसतं कळतं, की काहीतरी चुकलंय. दुरुस्त नाही करता येत. ते काम थांबवतं आणि तसं सांगतं."

काकांनी मान हलवली. त्यांच्याकडून नेमक्या दोन चुका झाल्या होत्या.

पहिली त्यातल्या त्यात सोपी होती, कारण समोरच उभी होती. इन्स्पेक्टर म्हणाले, "माफी लेखी हवी." काकांनी तिथेच कागद घेऊन चार ओळी लिहिल्या. इन्स्पेक्टरांनी त्या वाचल्या, खिशातून लाल पेन काढलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, खाली 'समाधानकारक' असा शेरा लिहिला आणि कागद घडी करून घेऊन गेले.

दुरुस्तीवाली पट्टी बदलून गेली. दुपार झाली. काका फोनजवळ जाऊन बसले. उठले. पुन्हा बसले. माफीचं भाषण त्यांनी मनात तयार केलं होतं आणि ते विसरायच्या आत बोलून टाकायचं होतं. भिंतीवर टाचलेल्या यादीत, 'उपयोगी नंबर' या सदरात, 'संगणक-मदत' म्हणून मेहुण्याचा नंबर होता. काकांनी तो लावला. पलीकडे कोणीतरी फोन उचलताच डोळे मिटून ते बोलू लागले.

"मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल. माझं चुकलं. तू काही केलं नव्हतंस. यंत्रात एक दिवा बिघडला होता आणि दुसरा माझ्यात. वीस वर्षं येणाऱ्या माणसाला मी माहितगार चोर म्हणालो. तू गेल्यापासून तुझी ताई तीन कप काढते आणि एक परत ठेवते. मला ते बघवत नाही. बास, एवढंच."

पलीकडून एका अनोळखी बाईचा आवाज आला.

"तुम्हीच का ते पुस्तिकावाले?"

काकांनी डोळे उघडले.

"पंधरा दिवसांत तुमच्या इमारतीतून मला अकरा फोन आले. प्रिंटर चालत नाही, पडदा निळा झालाय. मी नर्स आहे हो, रात्रपाळी करून दुपारी झोपते." बाई थांबल्या. "पण माफी मागणारे तुम्ही पहिलेच. चांगलं बोललात. हेच त्यांना सांगा, काही बदलू नका."

काकांनी फोन ठेवला आणि यादी पाहिली. छापायला फाइल पुन्हा मेमरीत गेली होती, आणि छापलेली प्रत त्यांनी तपासली नव्हती. फाइल तीन दिवस कुलपात होती, आणि शिवाय स्वतःच्या हातची होती. शेवटून तिसरा आकडा सात. तो तीन असणार, हे त्यांना कळलं. पण आता कशाचीच शपथ घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

"चुकीचा लागला ना?" मागून काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात एक जुनी, कोपरे दुमडलेली वही होती. घरातले सगळे नंबर त्या तिच्यात हाताने लिहून ठेवत. "मी वाचू?"

पुस्तिकेचं काम आलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

"वाच," काका म्हणाले.

काकू सावकाश एकेक आकडा वाचू लागल्या. काका प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणून मग कळ दाबत होते, छापखान्यात बसत तसे ताठ बसून. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. काकू उठल्या नाहीत.

"तीन," काकू म्हणाल्या.

"तीन."

"एक."

"एक."

"पाच. बेरीज एक्केचाळीस."

काकांचं बोट हवेतच थांबलं. त्यांनी वही ओढून घेतली. प्रत्येक नंबराच्या पुढे, समासात, पेन्सिलीने एक बारीक आकडा लिहिलेला होता. पहिल्या पानापासून. पहिल्या पानावरच्या पेन्सिलीचा रंग उडत चालला होता.

"हे कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हापासून. तुम्ही छापखान्यातून घरी येऊन दुसरं काय बोलायचात?" काकू म्हणाल्या. "दाबा आता. पाच."

काकांनी पाच दाबला. बेल वाजत राहिली. मग आवाज आला, तो मोठाच होता.

"हॅलो."

काकांनी सगळं पुन्हा सांगितलं, नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे काही न बदलता. दिव्याच्या वाक्यावर मेहुण्याचा श्वास अडखळला, तीन कपांच्या वाक्यावर पूर्ण थांबला. समोर काकू वही छातीशी धरून उभ्या होत्या.

"दिवा म्हणजे मेमरी. ती पट्टी माझीच होती ना हो?" मेहुणा शेवटी म्हणाला.

"नवीनही बिघडतात," काका म्हणाले.

मग मेहुण्याने घसा खाकरला.

"रविवारी येतो मग. नेहमी आठला येतो. तुमच्या यंत्राच्या हिशेबाने चार मिळवले तर बारा. जेवायलाच येतो म्हणा ना."

"आठाला काही होत नाही," काका तातडीने म्हणाले. "त्यात दिवा मुळातच लागलेला असतो. आठ आठच राहतो. आठलाच ये."